तिसऱ्या सकाळचं गढूळ

काळ्या घोड्यापाशी, पुलावरून,
सुतळीला बांधलेली बाटली सोडून
फाल्गुनीबेन विश्वामित्रीचं पाणी वर ओढते.
मी कठड्याला टेकून मगरी मोजतो.
मला मोजण्याचंच काम येतं.

पाणी गाळलं की खाली उतरतात विषाणू,
जिवाणूंना खाणारे. खाणारे म्हणजे
आत शिरून घर ताब्यात घेणारे
आणि निघताना भिंती पाडून
शंभरेक होऊन निघणारे.
हे सगळं मी चार ओळींत बसवलंय:
एक साखरेची,
एक धडधाकटांची,
एक बाधितांची, ज्यांच्या हातात अजून पंचवीस मिनिटं आहेत,
एक विषाणूंची.
चार ओळी, सात अक्षरं, त्यातली दोन ग्रीक.

फतेगंजच्या प्रयोगशाळेतून रोज साडेआठला
ती फ्लास्कच्या गढूळपणाचा आकडा पाठवते.
सोमवारी शून्य पूर्णांक आठ.
मंगळवारी शून्य पूर्णांक शून्य दोन,
आणि पुढे: साव चोख्खुं, काच जेवुं.

माझ्या आलेखातली रेघही उतरली,
फारच उतरली.
अख्ख्या फ्लास्कमध्ये
एका जिवाणूचा तीनशेवा हिस्सा.
समीकरणाला त्याचं काही वाटत नाही.
त्याच्या लेखी तोही जिवंत,
तोही जेवतो, दुभंगतो,
आणि गुरुवारपर्यंत त्या तुकड्याचीच
पुन्हा कोटींची वस्ती.
सरांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले,
"फणसळकर, हा तीनशेवा हिस्सा
राहतो कुठल्या पत्त्यावर?"
मी ओशाळून नियम लिहिला:
एकाहून कमी झाले की शून्य धरावे.
रेघ तळाला टेकली. मुकाट.

बुधवारी आकडा आला नाही, फोटो आला.
फ्लास्क, त्यामागे खिडकी,
आणि खिडकी धड दिसत नव्हती.

त्या गढूळातले थोडे घेऊन
तिने त्यांना वेगवेगळ्या ताटांत वाढून पाहिलं.
"बाकी सगळं खातात," ती म्हणाली,
"नेमकी ही एक साखर सोडून."
ही साखर ज्या दारातून आत यायची
त्याच दाराची कडी विषाणूला ठाऊक होती.
कुणीतरी एक,
विषाणू पडायच्या कितीतरी आधी,
नक्कल करताना अक्षर चुकल्यामुळे
दाराशिवाय जन्मला होता.
यात शहाणपण नाही. तयारी नाही.
सुकाळात तो मागेच पडला असणार,
पंगत रंगात आलेली
आणि हा कोपऱ्यात खरड खात.

कारेलीबागेत आमच्या गल्लीत
आंबर्डेकरांचा उंबरा दोन फूट उंच आहे.
गवंड्याने टेप उलटा धरला होता.
स्कूटर आत जाईना, चार वर्षं बाहेर गंजली.
पाहुणे लंगडी घालत आत शिरायचे,
मुलं त्या घराला किल्ला म्हणायची,
त्यांत मीही होतो.
पुराच्या रात्री
आम्ही सगळे त्यांच्याच पलंगावर
ओळीने बसलो होतो, पाय वर घेऊन.
काकू चहा विचारत होत्या.
उंब्र्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

पाचवी ओळ लिहायला मला दोन मिनिटं लागली:
दार नसलेल्यांची.
त्यांच्या भुकेला एक नवं अक्षर दिलं.
जन्माला येण्याची शक्यता दहा लाखांत एक.
आता रेघ तळाला जाते,
थांबते,
आणि बुधवारी उठते, फोटोसारखी.
सरांनी मान डोलावली. शेंगदाणे पुढे केले.

पुढच्या मंगळवारी पुन्हा फोटो.
फ्लास्क. मागे खिडकी,
खिडकीबाहेर कडुनिंब,
त्यावरचा कावळासुद्धा स्पष्ट.
खाली तिने लिहिलं होतं: बीजुं बारणुं शोध्युं लागे छे.

म्हणजे त्यांच्याकडेही
कुणाची तरी नक्कल चुकली होती.
कागदावर जागा उरली नव्हती.
मी तो उलटा केला.